खिडकी उघडल्यासारखं

४ फेब्रुवारी

आज मास्तरांनी 'होडीवाली' माझ्या हवाली केली. मी नको म्हणाले. मग हो म्हणाले. मग जिना उतरून गेले, परत वर आले आणि विचारलं, "नक्की ना?" ते म्हणाले, "आणखी एकदा विचारलंस तर डोळ्याचं ऑपरेशन रद्द करतो."

नीट लिहून ठेवते, नाहीतर नंतर मलाच वाटेल की मी फुगवून सांगतेय. आमचा कारखाना वास बनवतो. शाम्पूचे, मेणबत्त्यांचे, फरशी पुसायच्या पाण्याचे. वास जुळवणारे एकटे मास्तर. मी रसायनशास्त्र शिकून आले ती तपासणी विभागात, आणि गेलं वर्षभर त्यांच्या हाताखाली आहे. आता खऱ्याखुऱ्या सेंटचं काम आलंय. पूर्वी रेडिओवर रविवारी सकाळी 'होडीवाली' नावाची मालिका लागायची. तिच्यातल्या मुलीच्या नावाने सेंट काढायचा. ताजा, स्वच्छ, अंगावर न येणारा. मालिका लिहिणाऱ्या बाई आता खूप थकल्यात, पण आहेत. त्यांनी मान डोलावली तरच बाटली दुकानात जाणार.

मास्तर महिनाभर रजेवर, आणि वर्षअखेरीस निवृत्त. मालकीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हे जमलं तर मास्तरांची खुर्ची तुझी. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणीन आणि तू परत तपासणीला. राग मानू नकोस."

मी मानला नाही. निदान काय ते कळलं.

७ फेब्रुवारी

मालिकेची जुनी संहिता वाचायला मिळाली. वाचताना सारखं वाटत होतं, हे मी ऐकलंय, पण वाफेतून.

आमची लाँड्री म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, आणि तिच्यामागे आमची राहायची खोली. रविवारी आई इस्त्री सुरू करायची तेव्हाच रेडिओ लावायची. होडीवाली म्हणजे नदीवर लोकांना ऐलपैल करणारी मुलगी. दर रविवारी एक नवा उतारू आणि त्याची गोष्ट. गोष्ट रंगात आली की आईचा हात थांबायचा, आणि मग कुणाच्या तरी सदऱ्यावर इस्त्रीचा पिवळा डाग. डाग पडलेला सदरा ती धरून ठेवायची आणि म्हणायची, "हा होडीवालीने जाळला."

बाबा ट्रकवर असायचे. फेरी करून आले की आधी तोंड धुवायचे आणि थेट इस्त्री केलेल्या गठ्ठ्यात तोंड खुपसून उभे राहायचे. आई ओरडायची, "घडी मोडली की नाही?" दमलेले असायचे बिचारे.

संहितेत वासाबद्दल एकच वाक्य सापडलं. पलीकडच्या काठावरचा म्हातारा म्हणतो, "ती आत आली की कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं." एवढंच. यातून मी सेंट काढायचा.

आज हे लिहिताना आई समोरच बसली होती. सुईने एका कॉलरला निळ्या दोऱ्याची गाठ मारत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक रंगाचा दोरा ठरलेला. "काय लिहितेस एवढं?" "कामाचं." "लिही लिही." माझी वही घरात उघडीच पडलेली असते. कुलूप कुणासाठी लावू.

११ फेब्रुवारी

सुरुवात झाली. वरचा थर सोपा आहे : लिंबाची साल, काकडी, चुरगळलेलं हिरवं पान. मधे पाणी. पाण्याला वास नसतो असं म्हणतात, पण ओल्या दगडाला असतो, ओल्या दोराला असतो. तो मी जुळवला आणि मला चक्क आवडला. तेव्हापासून जरा भीती वाटतेय.

आमच्याकडे प्रत्येक थेंब वजन करून घालतात. ते काम काटेवाल्या ताईंचं. मास्तरांच्याही आधीपासून त्या काट्यावर बसतात. त्या म्हणाल्या, "छान आहे गं, पण होडी आहे आणि बाई नाही."

बरोबर आहे. माणूस यायला खाली कस्तुरी लागते. खरी नव्हे, कारखान्यात तयार होणारी पांढरी. कपडे धुण्याच्या पावडरीत हीच असते, धुतलेल्या कपड्याला आपण जो स्वच्छ वास म्हणतो तो बहुतेक हिचा. मी लहानपणापासून तिच्यातच वाढलेय म्हणायला हरकत नाही. ही गोष्ट मात्र कारखान्यात मी कुणाला सांगितलेली नाही. अर्जात आईच्या नावापुढे 'व्यवसाय' लिहिलं होतं. तेही खोटं नाही.

१४ फेब्रुवारी

कस्तुरीची बाटली मेलेली निघाली.

आतापर्यंत मास्तर सांगतील त्या मिश्रणात ती पडायची. एकटी हुंगायची वेळ आज पहिल्यांदा आली. हुंगायची कागदाची पट्टी बुडवली. काही नाही. वाटलं सर्दी झाली. लिंबू हुंगलं, लवंग हुंगली, दोन्हींचा वास आला. दुसरी बाटली फोडली. तीही तशीच. दोन्हींवर एकच तारीख.

ताईंना पट्टी दिली. म्हणाल्या, "येतोय की." पण ताई इतकी वर्षं ती हाताळताहेत, त्यांना नसलेलाही येत असेल. अशा वेळी पुस्तकात सांगितलेलं करावं. मी एक कोरी पट्टी घेतली, एक बुडवलेली, दोन्ही आलटून पालटून हुंगल्या. दोन्हींत तिळमात्र फरक नाही. पुरवठादाराला रीतसर तक्रार पाठवली : माल निर्जीव आहे, कोऱ्या पट्टीशी तुलना करून खात्री केली आहे.

पाठवण्याआधी चार वेळा वाचली. भाषा कडक झाली असेल का? 'निर्जीव'ऐवजी 'अशक्त' म्हणायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

नवा माल यायला वेळ लागेल आणि माझ्याकडे वेळ नाही. मेलेल्या बाटलीतही थोडी धुगधुगी असेल, म्हणून प्रमाण वाढवलं. काही कळेना. आणखी वाढवलं. ताईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, परत वाचला.

"एवढी?"

"हो."

"अगं, एवढ्यात आख्ख्या गावाचं धुणं निघेल."

"लिहिलंय तेवढी घाला ना, ताई."

त्यांनी घातली. कस्तुरी घातली की पानाचा वास मात्र थोडा मागे सरकतो, का कुणास ठाऊक.

२१ फेब्रुवारी

हिशेबनीस खोलीत डोकावले, नाक वर केलं आणि म्हणाले, "काय, चादरी वाळत घातल्यात का इथे?" आणि हसत गेले.

त्यांना कुणी सांगितलं? मी जेवणाच्या डब्याबरोबर इस्त्रीचे कपडे कधी आणलेले नाहीत. पत्ता दिलाय तो मागच्या गल्लीचा. दुपारभर डोक्यात तेच. मग वाटलं, सांगितलं असेल कुणी तर असेल, चोरी आहे का? पण डब्यातली भाजी तशीच परत गेली.

शाळेतही हेच. मुली मला 'साबणवडी' म्हणायच्या. बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी आठवडाभर बसायची, सोमवारी दुसरी. बाई हजेरीआधी बदलून टाकायच्या. एकीलाही माझ्या शेजारी दुसरा आठवडा काढता आला नाही. मी घरी येऊन हात कोपरापर्यंत घासायचे, साबणानेच. आईला कधी सांगितलं नाही. आमच्या घरातून शाळेत गेलेलं पहिलं माणूस मी. तिला वाटायचं शाळेत सगळं छानच असतं.

२४ फेब्रुवारी

बसमध्ये शेजारच्या बाईचं रडणारं मूल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलं. बाई म्हणाली, "कुणाकडे जात नाही हो हा." माझ्या बाहीवर आजचं मिश्रण सांडलं होतं. तिला त्रास होत असेल म्हणून मी हात आवरून बसले. उतरताना ती म्हणाली, "थोडं पुढे येता का आमच्याबरोबर?" थट्टाच, पण गोड.

कस्तुरी आणखी वाढवली. आता कमाल झाली. तरी होडीत बाई नाही.

१ मार्च

मालकीणबाईंनी खोलीत यायचं टाळलं आणि दारातूनच बोलल्या. "लेखिकाबाई एकोणीस तारखेला येताहेत. मास्तर परवा हजर होतील. बाहेरचा एक माणूस मला भेटून गेलाय, हे तुला माझ्याकडूनच कळावं." मग खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

संपलं असं वाटतंय. आईला सांगितलं नाही. ती आज मला म्हणाली, "होडीवालीला अंगाला काही लावायची गरजच काय? ती तर पाण्यात असते."  हे मालकीणबाईंच्या कानावर जायला नको.

३ मार्च



मास्तर काळा चष्मा लावून आले. जिन्याच्या वळणावरच थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "लाँड्री कोणी उघडली?"

मी सांगून टाकलं. माझी आई लाँड्री चालवते, मी तिथेच वाढले, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि वर्षभर शिकवल्यावर तुम्ही तरी असं बोलायला नको होतं. माझा आवाज फाटला. मास्तर चष्म्यामागून बघत राहिले. म्हणाले, "अगं, मला काय माहीत? मी वासाबद्दल बोलतोय."

मग त्यांनी ताईंना तीन पट्ट्या आणायला सांगितल्या. माझ्याकडे पाठ करून एक कस्तुरीत बुडवली, दोन कोऱ्या ठेवल्या. "कुठली?" मी एक उचलली. कोरी निघाली. पुन्हा. पुन्हा कोरी. तिसऱ्यांदा बरोबर आली, पण मास्तर म्हणाले, "हा नशिबाचा भाग." आणि खरंच, चौथ्यांदा परत चुकली.

"येतच नाही ना तुला?"

"बाटली मेलेली आहे."

"बाटली ठणठणीत आहे, पोरी. तुझ्या नाकाच्या घरात एक खोली कमी आहे. पुष्कळांच्या असते. हा रेणू जड, त्याला सगळ्यांकडे दार उघडत नाही. मी पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. तू इतकी नीटनेटकी, मला वाटलं नाकही नीटनेटकंच असणार."

हे पुस्तकात आहे. मी वाचलंय, परीक्षेत उत्तर लिहिलंय, चांगले गुण मिळालेत. स्वतःच्या बाबतीत मात्र एकदाही आलं नाही माझ्या मनात.

"मला व्हायलेटच्या फुलाचा येत नाही," मास्तर म्हणाले. "आजवर जेवढी व्हायलेट केली ती ताईंच्या नाकाने." ताई काटा पुसत होत्या. "आणि एकदाही बाटलीवर माझं नाव नाही," त्या म्हणाल्या. मास्तर खोकले.

५ मार्च

पुरवठादाराचा फोन आला. फार सभ्य माणूस. "मॅडम, आम्ही इथे सगळ्यांना हुंगवलं, अगदी पहारेकऱ्यालासुद्धा. सगळ्यांना येतोय. तरी तुम्ही म्हणता तर माल बदलून देतो." मी माफी मागितली. कारणही सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला धुतलेले कपडे कसे लागतात हो?"

कसे लागतात? कोरडे. गरम. कडक. मला वाटायचं, स्वच्छ म्हणजे एवढंच.

९ मार्च

नवी पद्धत. मी बाकी सगळं जुळवते आणि कस्तुरीपुरती ताईंच्या तोंडाकडे बघते.

"कुठे थांबू?"

"टाक अजून. अजून. आता कुणीतरी कपडे वाळत घालतंय. अजून एक थेंब... आता ती घरात आली. थांब."

"नक्की?"

"पुढे गेलीस तर झोपायला जाईल."

मला त्या थेंबाआधी आणि थेंबानंतर तेच लिंबू, तेच पान, तोच ओला दोर. हिशेबनिसांना बोलावलं. त्यांनी पट्टी नाकाशी धरली आणि नेहमीसारखी थट्टा केली नाही. पट्टी खिशात घालून गेले.

पण मला झोंबतंय ते वेगळंच. जे मला येत नाही ते मी केलं असं कसं म्हणू? मालकीणबाईंना सांगायला हवं. मास्तर म्हणतात, "मी पस्तीस वर्षं सांगितलं नाही, काही बिघडलं नाही." ताई म्हणतात, "त्यांचं काय बिघडणार?"

१९ मार्च

लेखिकाबाई आल्या. छोट्याशा, काठी टेकत. मोठा आवाज. "मला सेंटची डोकेदुखी होते, आधीच सांगते."

मी पट्टी दिली. त्यांनी हुंगली. पट्टी खाली ठेवली. परत उचलली. मालकीणबाई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. मग लेखिकाबाईंनी विचारलं, "यात काय काय आहे?"

मी सांगत गेले. साल, काकडी, पान, दोर. कस्तुरीपाशी आले आणि थांबले. तेव्हाच ठरलं बहुधा. म्हणाले, "ही शेवटची जी आहे, तिच्यामुळे ती मुलगी आत येते असं सगळे म्हणतात. मला तिचा वास येत नाही. जन्मापासूनच. ताईंनी सांगितलं तिथे मी थांबले. हे माहीत नसताना तुम्ही होकार द्यावा असं मला वाटलं नाही."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बाहेरचा माणूस मला स्पष्ट दिसला, बॅगेसकट.

लेखिकाबाई म्हणाल्या, "मी होडीत कधी बसले नाही."

त्यांनी काठी टेबलाला टेकवली.

"मळमळतं मला. पोहता येत नाही. नदी पुलावरून पाहिली, तीही लांबून. तेरा वर्षं मालिका चालली, एकाही माणसाने विचारलं नाही. आणि ते खिडकीचं वाक्य तुम्हाला सगळ्यांना आवडतं ना? आम्ही राहायचो त्या खोलीला खिडकीच नव्हती. असती तर कशाला सुचलं असतं?" मग पट्टी माझ्यासमोर धरून, "ही तीच आहे. नाव द्या. आणि मला एक बाटली, डोकं दुखलं तर बघू."

त्या गेल्यावर मालकीणबाई मास्तरांना म्हणाल्या, "खुर्ची हिला द्यायची ना मग?"

"द्या. शेजारी ताईंची ठेवा."

"ताई काट्यावर बसतात."

"काटा हलवा," मास्तर म्हणाले.

मालकीणबाईंनी टोपण लावलं. "ठीक."

२३ मार्च

शाळेतली एक गोष्ट चैन पडू देईना, म्हणून आज चष्म्याच्या दुकानात गेले. ते माझ्या शाळेतल्या एका मुलीचं आहे, आमच्याच रस्त्यावर. रोज समोरून जाते आणि रोज घाईत असल्यासारखं करते. खिशात दोन पट्ट्या होत्या. एक मंजूर झालेली, एक फेब्रुवारीतली, आख्ख्या गावाच्या धुण्याची.

मी म्हटलं, कामासाठी मत हवंय. पहिली तिने हुंगली, "वा, छान." दुसरी हुंगली आणि डोळे मिटले. गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"ही तू आहेस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"साबणवडी. अगदी तीच. अगं, किती वर्षांनी." परत हुंगली. "आठवतं तुला, तुझ्या शेजारी बसायला काय भांडणं व्हायची? दोघींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या तेव्हा बाईंनी पाळी लावून दिली, एकेकीला एकेक आठवडा. माझी पाळी परीक्षेच्या आठवड्यात आली होती. आमच्या घरात सगळ्यांना ओल्या भिंतींचा वास, कपड्यांना, दप्तराला, मला. तुझ्या शेजारी बसलं की वाटायचं, आपल्यालाही लागेल थोडा."

मी म्हटलं, "मला वाटायचं, तुम्हाला सोसवत नाही."

"काय?"

"काही नाही."

"तू तर बोलायचीसच नाही आमच्याशी," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं शिष्ट आहे." आणि गिऱ्हाइकाकडे वळून, "हं, बसवा नाकावर, बघू."

ती दुसरी पट्टी तिने परत दिली नाही. मीही मागितली नाही.

२४ मार्च

आईला सगळं सांगितलं. खुर्चीचं, नाकाचं, लेखिकाबाईंचं. शाळेचं अर्धं सांगितलं. ती इस्त्री करता करता ऐकत होती. मी तिच्या नाकाशी बाटली धरली.

"लिंबू," ती म्हणाली. "पाला. आणि ओलं काहीतरी."

"अजून?"

"अजून काय? एवढंच आहे."

"मलाही एवढंच येतं."

"मग बाकीचे काय म्हणतात?"

"बाकीचे म्हणतात, यात आपल्या दुकानाचा वास आहे. धुतलेल्या कपड्यांचा."

तिने इस्त्री उभी केली. "तुझे बाबा म्हणायचे," ती म्हणाली. "गठ्ठ्यात तोंड घालून म्हणायचे, सगळा रस्ता या वासासाठी कापून येतो. मी म्हणायचे, काहीतरी बोलू नका, कपड्यांना कुठे वास असतो. मला वाटायचं लाडात बोलतात." इस्त्रीकडे बघत पुढे म्हणाली, "म्हणजे खरंच यायचा."

तिने गठ्ठ्यातला वरचा सदरा उचलला, लाल दोऱ्याचा, आणि त्यात तोंड घातलं. घडी मोडली. तिने तो मला दिला, मीही तोंड घातलं. कोरडा. गरम. कडक.

"काही?"

"नाही. तुला?"

"नाही."

मग ती हसायला लागली, आणि मलाही हसू आलं.

तेवढ्यात लाल दोऱ्याचं गिऱ्हाईक आलं. दारात क्षणभर थांबलं, डोळे बारीक केले, छाती भरून घेतली आणि मग आत आलं. आमच्या दारात सगळेच असे थांबतात, मी लहान होते तेव्हापासून. मला वाटायचं, पायपुसणं आहे म्हणून.